सरकारवाड्यातला प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

लहानपणी माझी पक्की समजूत होती की येशूचा खटला नाशिकमध्येच चालला. आमच्या घरच्या मराठी बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की त्याला सकाळी सकाळी 'सरकारवाड्यात' नेलं. आणि सरकारवाडा म्हटला की तो सराफ बाजारातला, पेशव्यांच्या काळातला, दगडी पायऱ्यांचा. त्या नावाचं पोलीस ठाणंही आपल्याकडे आहे, म्हणजे शंकेला जागाच नव्हती! आईबरोबर भांडी बाजारात गेलो की मी मान वर करून बघायचो, येशूचा न्याय करणारा रोमन सुभेदार पिलात नेमका कुठं उभा राहिला असेल. पुढं कळलं की जेरुसलेममधल्या त्या सुभेदाराच्या कचेरीला भाषांतरकारांनी आपल्या वापरातला शब्द दिला होता. समजूत गेली, चित्र मात्र राहिलं. मी ते पुसायचाही प्रयत्न केला नाही. जेरुसलेम लांब पडतं, सराफ बाजार जवळ आहे.

येत्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण आहे. नाताळाच्या तयारीचा आगमनकाळ सुरू होण्याआधीचा हा रविवार. हा सण फार जुना नाही बरं का. 1925 मध्ये पोप अकरावे पायस यांनी तो सुरू केला. पहिलं महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती. रशियाचा झार, जर्मनीचा कैसर, ऑस्ट्रियाचा सम्राट, एकेकाचं सिंहासन गेलेलं, आणि इटलीत मुसोलिनी सगळी सत्ता आपल्या मुठीत घेत होता. जुने राजे गेले आणि त्यांच्या जागी त्यांच्याहून मोठ्या आवाजाची माणसं येऊन बसत होती. अशा वेळी चर्चनं म्हटलं, आमचा राजा वेगळा आहे. आधी हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा, 1969 च्या फेरबदलानंतर तो उपासनेच्या वर्षाच्या शेवटी आला. आता कॅथलिकांखेरीज इतर अनेक मंडळ्याही तो पाळतात.

सण राजाचा, पण त्याच्या वाचनांपैकी एक वाचन आहे आरोपीच्या पिंजऱ्यातलं. पिलात विचारतो, "तू यहूद्यांचा राजा आहेस काय?" समोर उभा आहे हात बांधलेला, रात्रभर जागवलेला माणूस. तो म्हणतो, माझं राज्य ह्या जगाचं नाही. असतं तर माझे लोक लढले असते. पिलाताला एवढ्यानं भागत नाही. त्याला हो किंवा नाही हवं आहे, अहवालात लिहायला. तेव्हा येशू जे बोलतो ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विषयांतर वाटेल. मी जन्मलो तो सत्याविषयी साक्ष द्यायला, आणि जो सत्याचा आहे तो माझी वाणी ऐकतो. प्रश्न होता राज्याचा, उत्तर आलं सत्याचं. सीमा कुठवर, सैन्य किती, महसूल किती, काही नाही. प्रजा कोण, तेवढं सांगितलं.

तसं पाहिलं तर सिंहासनावर न बसलेला राजा ही गोष्ट नाशिककराला समजावून सांगायला नको. गोदावरीच्या त्या काठाला पंचवटी आहे, आणि वडिलांचा शब्द खोटा पडू नये म्हणून राज्य सोडून आलेल्या राजपुत्राची कथा इथलं शेंबडं पोरही सांगतं. मी ख्रिस्ती माणूस, दोन्ही कथांची सरमिसळ करत नाही. पण शब्द आणि राज्य यांचा काही संबंध असतो, हे कळायला ह्या गावात जन्मलेल्याला धर्मशास्त्र शिकावं लागत नाही.

पिलात मग तो प्रसिद्ध प्रश्न विचारतो, "सत्य काय आहे?" आणि लगेच बाहेर जातो. उत्तरासाठी थांबत नाही. बाहेर जाऊन लोकांना काय सांगतो? मला ह्याच्यात काही अपराध दिसत नाही. म्हणजे सत्य त्याला ठाऊक होतं! योहानाच्या वृत्तान्तात तो हे तीनदा बोलतो. आणि तरी माणूस क्रूसावर चढवायला देऊन टाकतो, कारण कुणीतरी ओरडतं, ह्याला सोडलंत तर तुम्ही कैसराचे, म्हणजे रोमन सम्राटाचे, मित्र नाही. माहीत नसणं ही पिलाताची अडचण कधीच नव्हती. त्याला सत्य महाग पडत होतं.

मलाही एकदा ते महाग पडलं होतं, आणि रक्कम अगदी किरकोळ होती.

आमची शेती निफाड तालुक्यात. मी एकोणीस वर्षांचा असेन. कांदा साठवायच्या चाळीतला उन्हाळ कांदा दिवाळीच्या आधी विकायचा होता. चाळ उघडली तर बराच माल उतरलेला, कोंब फुटलेले, काजळी धरलेली. मी ट्रॉलीत तो खाली घातला, मध्ये गोल्टी म्हणजे बारीक कांदा, आणि वर टणक, लालसर, एकसारखा कांदा असा रचला की बघणाऱ्याचा हात आपोआप तिथंच जावा. लिलावात तसंच झालं. व्यापाऱ्यानं वरचे दोन कांदे उचलले, एक दाबून पाहिला, बोली लावली. पुढं खळ्यावर ट्रॉली रिकामी झाली आणि खालचा माल वर आला. वांधा झाला, म्हणजे मालाच्या प्रतीवरून तक्रार निघाली. भाव उतरला, शिवाय चार लोकांत शोभा झाली. व्यापारी एवढंच म्हणाला, "तुमच्या वडिलांचा माल म्हणून मी हात आत घातला नाही."

शेतकरी श्रोते आता म्हणतील, अहो, माल चोख असतानाही वांधे काढणारे आहेत, त्यांचं काय? आहेत. ते मी अनुभवलंय आणि त्याचा मला संतापही येतो. पण त्या दिवशीचा वांधा खरा होता.

घरी वडिलांनी विचारलं, माल कुणी भरला? मी म्हणालो, मजुरांनी. संध्याकाळी रोजच्यासारखी कौटुंबिक प्रार्थना झाली. प्रभूची प्रार्थना आम्ही मोठ्यानं म्हणायचो. 'तुझे राज्य येवो' ह्या शब्दांपाशी माझा आवाज बसला. रोज तोंडपाठ म्हणतो ते वाक्य, घशातून बाहेर येईना. ज्याचं राज्य येवो म्हणतोय, त्यानं उद्या खरंच येऊन ट्रॉली मागून उघडली तर? दुसऱ्या दिवशी सकाळी, वडील गोठ्यात असताना, मी त्यांना सांगितलं. ते शेण ओढता ओढता म्हणाले, "ठाऊक आहे. काल मजूर आलेच नव्हते."

सत्याचं बोलणं म्हणजे नेहमी 'होय' म्हणणं, असं मात्र नाही. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही एवढंच असावं, असं प्रभू म्हणतो, त्यातला 'नाही' आपण विसरतो. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक बघा. त्यांच्या पतीनं, नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. बाईंनी त्यांच्या पाठोपाठ मान तुकवली नाही. त्यांना पटलं नव्हतं. ताटातूट सोसली, हाल सोसले, पण 'पटलं' असं खोटं म्हणाल्या नाहीत. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. मला त्या बाप्तिस्म्याइतकीच आधीची पाच वर्षं मोलाची वाटतात. मनात नसलेला 'आमेन' त्यांनी उच्चारला असता तर कुणाला कळलं असतं?

पिलाताबद्दल एक राहिलं. क्रूसावर लावायची पाटी त्यानंच लिहिली: नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा. इब्री, लॅटिन आणि ग्रीक, तीन भाषांत. मुख्य याजक म्हणाले, 'मी राजा आहे असं हा म्हणाला' असं लिहा. पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. थट्टेनं लिहिलं असेल, चिडून लिहिलं असेल. सत्य काय म्हणून विचारणाऱ्याच्या अक्षरातच ते वर खिळलं गेलं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाचावं म्हणून.

आता आपण प्रार्थना करू. घरात कुणी असेल तर हाक मारा, रेडिओचा आवाज थोडा वाढवा. मी प्रत्येक विनंतीनंतर थांबेन, तेव्हा सगळ्यांनी मिळून म्हणायचं, तुझे राज्य येवो. गाडी चालवत असाल तर मनातल्या मनात म्हणा. पण त्याआधी आपण अर्धा मिनिट गप्प बसू. पिलात थांबला नव्हता, आपण थांबू.

...

हे प्रभू, हात बांधलेल्या राजा, आज ज्यांच्या हातात तराजू आहे, लेखणी आहे, शिक्का आहे, त्यांच्यासाठी आम्ही मागतो. तुझे राज्य येवो.

खरं बोलल्यामुळे ज्यांची नोकरी गेली, भावकी तुटली, ज्यांच्या दारात कुणी येत नाही, त्यांच्या उंबऱ्यात, तुझे राज्य येवो.

चोख माल घेऊन गेलेल्या आणि खोटा वांधा सोसून रिकाम्या ट्रॉलीनं परतणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी, तुझे राज्य येवो.

ज्यांना आज रात्री घरात कुणाला तरी काही सांगायचं आहे आणि धीर होत नाही, त्यांच्या ओठांवर, तुझे राज्य येवो.

आम्ही वर रचून ठेवलेल्या आणि खाली दडवलेल्या सगळ्यात, तुझे राज्य येवो.

आमेन.