मार घेणाऱ्याची विद्या

मित्रहो, युद्धकला शिकलेला आणि चित्रपटात जाऊ पाहणारा तरुण माझ्याकडे येतो, तेव्हा तो बहुधा सर्वांत आधी आपली उंच लाथ दाखवतो. ती लाथ देखणी असते, तिच्यामागे आठ-दहा वर्षांची मेहनत असते आणि ती मेहनत मला मनापासून आदरणीय वाटते. त्यानंतर मी त्याला समोरच्याचा एक ठोसा खाऊन दाखवायला सांगतो. इथे भले भले अडखळतात. कारण ठोसा चुकवण्याचा आणि अडवण्याचा सराव त्यांनी हजारो वेळा केलेला असतो, पण तो लागल्याचे दाखवण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलेलाच नसतो. डोजोतून, म्हणजे सरावाच्या आखाड्यातून, कॅमेऱ्यासमोर जाण्याची वाट मार देणाऱ्यापेक्षा मार घेणाऱ्याला लवकर सापडते, असे माझे ठाम मत आहे आणि आज मी त्याच मताची कारणे आपल्यापुढे मांडणार आहे.

कराटेमध्ये ठोसा कमरेपासून सरळ रेषेत निघतो आणि तो निघणार आहे हे खांद्यावरून किंवा डोळ्यांवरून कळू न देणे हेच त्यातले कसब असते. चित्रपट साधारणपणे सेकंदाला 24 चौकटींनी दिसतो. अस्सल ठोसा एक दशांश सेकंदात पोहोचला, तर त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन चौकटी येतात आणि प्रेक्षकाला काय घडले तेच कळत नाही. म्हणून पडद्यावरचा ठोसा खांद्यामागून, मोठ्या वळणाने येतो, म्हणजे जी पूर्वसूचना लपवायला आपण वर्षानुवर्षे शिकलो, ती इथे मुद्दाम द्यावी लागते. कॅमेरा मार घेणाऱ्याच्या पाठीमागे, खांद्याच्या बाजूला ठेवला, तर मूठ आणि चेहरा यांच्यातले वीतभर अंतर दिसत नाही. दोन्ही एकाच रेषेत आल्यासारखे वाटतात. मूठ त्या रेषेतून जाते त्याच क्षणी समोरच्याची मान मूठ ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेने वळली पाहिजे. किंचित आधी वळली तर फसवणूक उघडी पडते आणि किंचित उशिरा वळली तर ठोसा हवेत गेल्याचे दिसते. आवाज नंतर भरता येतो, पण मानेचे ते टायमिंग दुसरे कोणीही भरून देऊ शकत नाही. ठोशाचा जोर प्रेक्षक मारणाऱ्याच्या हातावरून जोखत नाही, तो मार घेणाऱ्याच्या देहावरून जोखतो.

ज्यूदो शिकलेल्यांना हे चटकन उमगते. तिथे पहिले कित्येक दिवस फक्त उकेमी, म्हणजे सुरक्षित पडणे, शिकवतात, आणि फेकला जाणारा जोडीदार नीट पडला नाही तर फेकणाऱ्याचे तंत्रही सुधारत नाही.

जॅकी चॅन यांचा प्रवास या दृष्टीने पुन्हा पाहावा. 1954 मध्ये जन्मलेला हा मुलगा हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीत नाटकाच्या, शाळेत यू जिम-युएन या गुरूंच्या कडक शिस्तीत सुमारे दहा वर्षे कसरत, गायन, अभिनय आणि शस्त्रे एकत्रच शिकला. पुढे तो स्टंटमन झाला. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ या 1972 च्या चित्रपटात ब्रूस ली यांची लाथ बसून खलनायक शेवटी भिंत फोडून बाहेर फेकला जातो, ते पडणे याच तरुणाचे होते. नायक म्हणून खरे यश त्यांना 1978 मध्ये मिळाले. त्याआधीची काही वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या ठोशांना वजन देण्यात घालवली आणि त्यांच्या स्वतःच्या चित्रपटांतला मार इतका खरा का वाटतो, याचे उत्तर मला त्या वर्षांत दिसते.

ब्रूस ली थेट आखाड्यातून पडद्यावर आले, असा एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. 1964 मध्ये लाँग बीच येथील कराटे स्पर्धेत त्यांनी दाखवलेली प्रात्यक्षिके पाहून त्यांना हॉलीवूडची दारे उघडली, हे खरेच आहे. परंतु कँटोनीज ऑपेरातल्या नटाचा हा मुलगा त्याआधीच बालकलाकार म्हणून अनेक चित्रपटांत कामे करून मोकळा झाला होता आणि 1958 मध्ये त्याने हाँगकाँगची चा-चा नृत्यस्पर्धाही जिंकली होती. केवळ मनगटाच्या जोरावर कोणी एका रात्रीत नट झाला, याचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव घेता येत नाही. इंडोनेशियाचे इको उवाईस सिलाट ही तिथली युद्धकला शिकत असताना माहितीपटासाठी आलेल्या दिग्दर्शकाच्या नजरेत भरले आणि 2009 मध्ये थेट नायक झाले; पण असा योग विरळा, त्यावर भिस्त ठेवून कोणी वर्षे घालवू नयेत.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. एका तालमीत आम्ही तोच प्रसंग अकराव्यांदा करत होतो. मी थकलो होतो, जोडीदारही थकला होता. मी त्याच्या डोळ्यांत न पाहताच हात सोडला आणि माझी मूठ त्याच्या गालफडावर बसली. तो काही बोलला नाही, फक्त गालाला हात लावून खाली बसला. तेव्हापासून प्रत्येक टेकच्या आधी जोडीदाराशी नजर मिळाल्याशिवाय आणि त्याने मान हलवल्याशिवाय मी हालचाल सुरू करत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही करू देत नाही. ही नजर सुरक्षिततेसाठी असते हे उघडच आहे. पण अभिनयाची सुरुवातही तिथूनच होते, कारण समोरच्याकडे खरोखर पाहणारा माणूसच त्याच्या वाक्याला किंवा वाराला खरे उत्तर देऊ शकतो. म्हणूनच मी नवोदितांना व्यायामाचा एखादा तास कमी करून नाटकाच्या तालमीला जायला आणि मोठ्याने वाचन करायला सांगतो. शोरीलमध्ये, म्हणजे आपले काम दाखवणाऱ्या छोट्या चित्रफितीत, कातांच्या (कराटेतल्या ठरावीक हालचालींच्या मालिकांच्या) जोडीने एखादे पडणे आणि एखादा न बोलता घालवलेला क्षणही असावा.

स्टंटच्या कामाकडे पायरी म्हणूनच पाहण्याची वृत्ती मला खटकते. ऑस्कर पुरस्कारांत 2027 च्या चित्रपटांपासून स्टंट आराखड्यासाठी स्वतंत्र विभाग सुरू होत आहे; हा मान फार उशिरा मिळतो आहे, तरी त्याचा मला आनंद आहे. ज्याला चेहरा दाखवायचा आहे त्याने मात्र आपण पाठमोरे राहण्यात रुळत तर नाही ना, हे वेळोवेळी तपासावे.

मागे एका विद्यार्थ्याला मी महिनाभर फक्त मार घ्यायला लावले होते. शेवटच्या दिवशी तो ठोसा खाऊन गादीवर पडला, आणि नेहमीसारखा उसळी मारून उठला नाही. एक कोपर टेकवून त्याने ओठ पुसला, बोटांकडे पाहिले आणि मग सावकाश मारणाऱ्याकडे मान वर केली. खोलीतल्या इतर मुलांचा सराव आपोआप थांबला होता. त्याच्या त्या उंच लाथेची त्या दिवशी कोणालाही आठवण झाली नाही.