पाठ नसलेला दुकानदार

'चाहत्यांचं वेबकॉमिक कसं संपवावं' असं आजच्या व्याख्यानाचं नाव जाहीर झालंय. नाव मीच दिलं होतं, तेव्हा त्यावर बोलणं मला भाग आहे आणि मी बोलणार आहे. पण आधी मला दुकानदाराबद्दल, म्हणजे एका जुन्या व्हिडिओ गेममधली चित्रं उचलून मी नेटवर जे कॉमिक काढलं त्यातल्या मुख्य पात्राबद्दल, बोलू द्या. नऊ वर्षं आणि ९११ पानं ज्याच्या जिवावर काढली, त्याला ओलांडून थेट शेवटाकडे गेले तर माझ्या मुद्द्याला पायच राहणार नाहीत.

तुमच्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक आहे, पण काही नवे चेहरे दिसतायत म्हणून सांगते. मूळ गेममध्ये तो एका आडबाजूच्या गावात गल्ल्यामागे उभा असतो. त्याला नाव नाही. वाक्यं दोनच. आत गेलात की "काय हवंय?" आणि निघालात की "पुन्हा या." त्याचा स्प्राइट, म्हणजे गेममधलं त्याचं ठिपक्यांचं चित्र, १६ बाय १६ पिक्सेलचा, त्यात तीन रंग, आणि चौथा रंग म्हणजे पारदर्शक जागा. त्या पिढीच्या गेममध्ये एवढंच मिळायचं. नायकाला चारी दिशांना हिंडायचं असतं, म्हणून त्याची समोरून, मागून, बाजूने अशी सगळी चित्रं असतात. दुकानदार गल्ला सोडून कुठेच जात नाही. मेमरी इतकी तोकडी की जे दिसणार नाही ते काढायचंच नाही, असा चोख हिशेब असे. त्यामुळे आमच्या दुकानदाराला पाठच नव्हती.

हे माझ्या लक्षात आलं सहाव्या पानावर. त्याला वळून फळीवरची बरणी काढायची होती, आणि वळवायला गेले तर मागची बाजूच नाही. मग एका रात्री बसून मी त्याची पाठ काढली. दोनशे छप्पन्न चौकोन. केस, मान, खांदे, आणि कमरेला एप्रनची गाठ. तोवर कॉमिकमधलं सगळं उसनं होतं. गाव उसनं, दुकान उसनं, माणूस उसना, त्याचं "काय हवंय"सुद्धा उसनं. ती पाठ मात्र माझी होती. पान चढवलं आणि झोपले.

सकाळी एका वाचकाचा प्रश्न आला होता: "त्याच्या एप्रनची गाठ सुटलीय का?" मी मोठं करून पाहिलं. गाठीखालचा एक पिक्सेल खरंच एका घराने खाली सरकला होता. दुपारपर्यंत दुसऱ्याने लिहिलं, "स्वतःच्या पाठीमागे गाठ बांधायची म्हणजे अशीच होणार. त्याला बांधून देणारं कुणी नाही." हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून होते. दोन वाक्यांपलीकडे ज्याला आयुष्य नव्हतं, त्याच्या घरात कुणी नाही हे एका परक्या माणसाला एका पिक्सेलवरून कळलं होतं. पुढच्या आठवड्यात दुकानात मदतीला येणारी मुलगी मी आणली, ती केवळ त्या वाक्यामुळे. ती गाठ बांधून देईपर्यंत दोन वर्षं गेली. १९४ वं पान. ज्यांनी वाचलंय त्यांना आठवत असेल, त्या पानावर संवादाचा एकही फुगा नाही.

गेममधले स्प्राइट उचलून कॉमिक करायची रीत माझ्या आधीची आहे. 'बॉब अँड जॉर्ज' १ एप्रिल २००० रोजी सुरू झालं, तेव्हा त्यातले 'मेगा मॅन' या गेमचे स्प्राइट ही केवळ तात्पुरती सोय होती. लेखकाला खरं तर हाताने चित्रं काढायची होती आणि तोवर काहीतरी दिसायला हवं होतं. ती सोयच कॉमिक होऊन बसली, सात वर्षं चालली, आणि २८ जुलै २००७ ला त्याने ती रीतसर संपवली. 'एट-बिट थिएटर' हेही असंच कॉमिक, २००१ ते २०१०. म्हणजे शेवट करणारे लोक आमच्यात होते आणि आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण आता जे सांगणार आहे ते माझं जुनं दुःख आहे.

मी एक कॉमिक सहा वर्षं वाचत होते. नाव घेत नाही. त्याचं शेवटचं पान म्हणजे नायिकेचा हात दाराच्या मुठीवर, आणि खाली लेखकाची ओळ: "थोडी गडबड आहे, लवकरच येतो." मी दीड वर्ष दर शुक्रवारी जाऊन पाहत होते. तो हात अजून त्या मुठीवरच आहे. इथे किती जणांकडे असं एखादं दार आहे? बघा, जवळजवळ सगळेच हात वर.

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. घरातून निघताना ते फार सुंदर आहे. कॉमिकमधून निघताना तेच 'येतो' वाचणाऱ्याला दारात उभं करून ठेवतं. मला त्या लेखकाचा राग नाही. चाहत्यांच्या कॉमिकला मोबदला नसतो, करार नसतो, पान का आलं नाही म्हणून विचारणारा संपादक नसतो. नोकरी, आजारपण, घर यांतून उरलेल्या वेळात ते चालतं, आणि तो वेळ एक दिवस उरत नाही. कंटाळाही येतो. कंटाळा आला म्हणून कुणी अपराधी होत नाही. पण 'जातो' म्हणायला एक ओळ लागते. त्या एका ओळीने माझे पंचाहत्तर शुक्रवार मोकळे झाले असते.

आता मुख्य गोष्ट. नाही, मुख्य मुद्दा अजून पुढे आहे, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

सहाव्या वर्षी आमची पानं गेली. माझी चित्रं एका फुकट सेवेवर ठेवलेली होती आणि कॉमिकच्या पानांवर त्यांचे फक्त दुवे होते. त्या सेवेने एका रात्रीत नियम बदलले. सकाळी प्रत्येक पानाच्या जागी एकच राखाडी चौकट आणि तिच्यात पैसे भरण्याची सूचना. सहाशेच्या वर पानांवर तीच चौकट. ३८० पासून पुढच्या मूळ फायली माझ्याकडे होत्या. त्याआधीच्या ज्या डिस्कवर होत्या, ती डिस्क वर्षभरापूर्वीच बंद पडली होती. गाठीचं पान गेलं. १९४ वंही गेलं.

मी वाचकांना दोन ओळी लिहिल्या: पहिली ३७९ पानं माझ्याकडे नाहीत, कुणाकडे असतील तर पाठवा. अकरा दिवसांत ३७१ परत आली. एकीने प्रवासात नेट नसतं म्हणून सगळी उतरवून ठेवली होती. एकाने धाकट्या भावाला वाचायला शिकवताना छापून घेतली होती, त्याने त्या कागदांचे फोटो पाठवले, कोपऱ्यांत पेन्सिलीने बरोबरच्या खुणा होत्या. एका वाचकाकडे अख्खं पान एकही नव्हतं. त्याने फक्त दुकानदार पाठमोरा दिसतो त्या चौकटी कापून ठेवल्या होत्या, चाळीसेक, तारखेवार. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "गाठ कधी नीट होते ते बघत होतो."

आठ पानं कुणाकडेच नव्हती. मग दोन वाचकांनी, एकमेकांना न विचारता, त्या आठ पानांवरचे संवाद आठवणीतून लिहून पाठवले. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. फरक होता फक्त एका फुग्यात. पुढे माझ्या जुन्या वहीत कच्चा मजकूर सापडला, तेव्हा कळलं की त्या फुग्यातलं माझं मूळ वाक्य दोघांपैकी कुणाच्याच वाक्याशी जुळत नाही, आणि दोघांचीही वाक्यं माझ्या वाक्याहून चांगली आहेत. त्यातलं एक मी ठेवलं. आज तुम्ही जे वाचता ते त्या वाचकाचं वाक्य आहे.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं, मग जे जाहीर केलं होतं ते आता भराभर सांगते.

कॉमिक संपवताना आपण निरोप कुणाचा घेतो, हा माझा मुद्दा आहे. चार्ल्स शुल्झने 'पीनट्स' हे वर्तमानपत्रातलं कॉमिक २ ऑक्टोबर १९५० पासून काढलं. शेवटचं रविवारचं पान १३ फेब्रुवारी २००० ला छापलं गेलं, आणि तो आदल्याच रात्री वारला होता. त्या पानावर वाचकांना लिहिलेलं पत्र आहे, पण आपल्या पात्रांचाही निरोप त्याला घेता येत होता, कारण ती त्याची होती. त्याच्यानंतर वर्तमानपत्रातल्या नव्या पट्ट्या दुसऱ्या कुणी काढायच्या नाहीत असंही ठरलेलं होतं. चाहत्याला हा अधिकार नाही. मी काढायचं थांबवलं तरी दुकानदार थांबत नाही. कुणीतरी आज पहिल्यांदा तो गेम लावेल आणि तो विचारेल, "काय हवंय?" त्यामुळे उसन्या पात्राला मारून केलेला शेवट मला कधी पटला नाही. 'कन्सर्न्ड: द हाफ-लाइफ अँड डेथ ऑफ गॉर्डन फ्रोमन' हे 'हाफ-लाइफ २' या गेमच्या जगात घडणारं कॉमिक २००५-०६ मध्ये आलं, २०५ भागांत संपलं, आणि त्यात नायक मरतो. ते चालतं, कारण तो नायक, फ्रोमन, लेखकाचा स्वतःचा होता आणि त्याचं मरण कॉमिकच्या नावातच सांगून ठेवलेलं होतं. आपल्याकडे संपतं ते फक्त भेटणं. पान यायचं ते सोमवार आणि गुरुवार संपतात. निरोप द्यायचा तो वाचकांना, आणि शेवटाचं सगळं काम त्या हिशेबाने करायचं.

म्हणजे काय, तर तारीख आधी सांगायची. मी दहा आठवडे आधी सांगितली, वीस पानं उरली असताना. मागे राहिलेल्यांना गाठायला वेळ मिळतो, आणि तुमचे कुठले धागे लोंबकळतायत ते वाचक सांगतात. मला त्यांनी चौदा सांगितले, त्यातले पाच मी साफ विसरले होते. वीस पानांत अकरा बांधून झाले. उरलेले तीन मी शेवटच्या आठवड्यात शब्दांत लिहून टाकले: काय होणार होतं, सरळ.

दुसरं, सगळी पानं एका गठ्ठ्यात उतरवून घेता येतील अशी ठेवायची. फायलींना ००१, ००२ असे आकडे द्यायचे म्हणजे क्रम मोडत नाही. स्प्राइटची चित्रं पीएनजी प्रकारच्या फायलींतच ठेवायची, जेपीईजी प्रकार चित्राच्या कडा खातो. दुसऱ्या कुठल्या सेवेवर टेकू नको. फुकट संकेतस्थळं देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, नेटवरचे गेम आणि हलती चित्रं चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, आणि त्यांच्यावर उभं असलेलं किती काही बसलं. मूळ हक्क दुसऱ्याचे असल्यामुळे आमचं पुस्तक छापून विकता येत नाही, म्हणजे कागदही आम्हाला वाचवायला येत नाही. वाचकांच्या घरातल्या प्रती हेच आमचं ग्रंथालय. माझी ३७१ पानं तिथूनच आली.

आणि पुढे कुणाला काही करायचं असेल तर करू द्या. चित्रपटातल्या स्थिरचित्रांवर केलेलं 'डीएम ऑफ द रिंग्ज' २००७ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी त्याचीच तऱ्हा घेऊन 'डार्थ्स अँड ड्रॉइड्स' सुरू झालं. याच्यावर खूप बोलायचं होतं, राहू दे.

दोन मिनिटं आहेत, तेवढ्यात शेवटचं पान सांगते.

आधी मी वेगळंच काढलं होतं. दुकानदार एप्रन उतरवतो, गल्ल्याबाहेर येतो आणि पाठमोरा दारातून निघून जातो. पाठ माझी होती ना, म्हणून शेवटही तिच्यावर करायचा होता. तीनदा काढलं, तीनदा खोटं वाटलं. मग दाराची चौकट किती पिक्सेलची आहे ते पाहायला म्हणून मी कितीतरी वर्षांनी मूळ गेम लावला. तो तिथेच होता. ना गाठ, ना मदतीला मुलगी. ९११ पानांतलं त्याला काहीही माहीत नव्हतं. म्हणाला, "काय हवंय?"

तेव्हा कळलं की निघायचंय ते आपल्याला. मी वाचकांना कळवलं: १६ बाय १६, तीन रंग, आपापली पाठ काढून पाठवा. १४३ पाठी आल्या. कुणाची वेणी, कुणाची पाठपिशवी, एकाच्या खांद्यावर लहान मूल. एक चाकाच्या खुर्चीची पाठ आहे, ती मला फार आवडते. शेवटच्या चौकटीत ही सगळी गर्दी दाराकडे तोंड करून निघालीय. पलीकडे गल्ल्यामागे तो, समोरून, मूळ गेममधला जसाच्या तसा, त्यात माझा एकही पिक्सेल नाही. त्याच्या फुग्यात "पुन्हा या." आणि खाली समासात माझ्या अक्षरात "जाते."

गर्दीत डावीकडून तिसरी पाठ त्या चौकटी कापून ठेवणाऱ्या वाचकाची आहे. त्याने एप्रन घातलाय. गाठीखालचा एक पिक्सेल एका घराने खाली आहे.