आधी वितळायचं काम

(दृश्य : पुणे, कसबा पेठ. काळा पडदा. फक्त ठोक्यांचा आवाज.)

तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडतेय, एका लयीत. हे मठारकाम. ठोक्यागणिक पत्रा घट्ट होत जातो आणि भांड्याच्या अंगावर चकाकते गोल ठसे उमटतात. त्यावर एक वेगळा माहितीपट होईल. आज आपण आलोय ते कल्हई बघायला.

(दृश्य : भट्टी. निखाऱ्यांवर पितळी पातेलं. कॅमेरा अगदी जवळ.)

पूर्वी भाता असायचा, आता छोटा पंखा निखारे फुलवतो. पातेलं सांडशीत धरून सारखं फिरवायचं, म्हणजे सगळीकडून सारखं तापतं. मग आत चिमूटभर पांढरी पूड पडते आणि भसकन धूर उठतो. नाकात झिणझिण्या येतात. हा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की त्यातून दोन वायू सुटतात. एक अमोनिया, ज्याचा वास आपल्याला झोंबतो. दुसरा हायड्रोजन क्लोराइड. धातूवर बसलेला ऑक्साइडचा थर तो खरवडून काढल्यासारखा साफ करतो.

आता कथलाची कांडी. तापल्या पितळेला नुसती टेकवली आणि तिचं पाणी झालं. कापसाच्या बोळ्याने एक फेरा, दोन फेरे, आणि पिवळं पातेलं आतून चांदीसारखं होतं. मग पाण्यात. चर्र!

हा रंगाचा हात नाही बरं. कथील जिथे तांब्याला भिडतं तिथे दोघांचा मिळून एक पातळ मिश्रधातू तयार होतो. म्हणून कल्हई पोपडे धरून सुटत नाही, घासून घासून झिजते.

ती लावायची कशासाठी, हे आमच्या आजीला रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होतं. कल्हई गेलेल्या पातेल्यात ती ताक ठेवू द्यायची नाही. ‘कळकेल’ म्हणायची. हा तिचा शब्द बघा, किती नेमका! आंबट पदार्थातलं आम्ल तांबं विरघळवतं, पदार्थाला हिरवट झाक येते, जीभ आखडते, पोटात ढवळतं. एवढं सगळं एका क्रियापदात. आमटीची फोडणी ती वेगळ्या लोखंडी पळीत करायची आणि वरून ओतायची. त्याची कारणं चवीची असतील, पण पातेल्याचाही फायदा व्हायचा. कारण कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला. तांब्याला वितळायला १०८५ लागतात. पातेल्यात पाणी आहे तोवर कल्हईला धोका नाही, तापमान शंभराच्या आसपासच राहतं. कोरडं पातेलं चुलीवर विसरलं, किंवा तेल धूर येईपर्यंत तापवलं, तर मात्र कल्हई ओघळते.

एक सूचना जाता जाता. कथील महाग, शिसं स्वस्त. शिशाची भेसळ केलेलं कथील आणखी कमी तापमानाला वितळतं, लावायला सोपं जातं आणि दिसायलाही चकचकीत. पण शिसं पोटात जाणं म्हणजे विष. कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे ना, हे स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका.

तर हा असा लवकर हार मानणारा धातू. भांड्याच्या दृष्टीने हा त्याचा दोष. मला मात्र त्याचा हाच गुण जास्त आवडतो.

(दृश्य : स्वयंपाकघर. कुकरचं झाकण उलटं करून धरलेलं.)

प्रेशर कुकरच्या झाकणावर शिट्टीपासून थोडं दूर एक लहानसं बटण असतं. हा सेफ्टी व्हॉल्व्ह. बऱ्याच कुकरमध्ये त्याच्या मध्यभागी मिश्रधातूचा एक ठिपका भरलेला असतो. असे मिश्रधातू कथील, बिस्मथ यांसारख्या धातूंचे करतात. ५८ भाग बिस्मथ आणि ४२ भाग कथील एकत्र केलं, तर ते साधारण १३८ अंशांनाच वितळतं. कुकरमध्ये वाफ १२० अंशांच्या आसपास असते. शिट्टीच्या नळीत तुरीच्या डाळीचं साल अडकलं, वाफ कोंडली, किंवा आतलं पाणीच आटलं, की तापमान वर चढतं. तो ठिपका वितळतो आणि वाफेला वाट मिळते. स्वयंपाकघरभर डाळ उडते, छतालाही लागते. उडू दे.

अशा वेळी गॅस बंद करायचा, कुकर गार होऊ द्यायचा आणि त्याच कुकरचा, त्याच मापाचा नवा व्हॉल्व्ह बसवायचा. काही बहाद्दर त्या भोकात स्क्रू आवळतात. कुकर पुन्हा चालू लागतो, म्हणून त्यांना वाटतं दुरुस्त झाला. आणि रोजची सवय म्हणाल तर एवढीच: कुकर लावण्याआधी शिट्टी काढून नळीतून उजेडाकडे बघायचं. आरपार दिसलं पाहिजे.

ही ‘स्क्रू आवळायची’ खोड जुनी आहे. १८०३ साली लंडनजवळ ग्रीनिच इथे रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंजिनिअरच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली. इंजिन सांभाळणारा पोरगा इमारतीच्या पायाशी वाम मासे पकडायला गेला होता. जाताना इंजिन एका मजुरावर सोपवून गेला. त्या मजुराने इंजिन बंद केलं, पण सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा दाबून ठेवणारा पाना तसाच राहिला. यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरला शिशाची गुडदी बसवायला सुरुवात केली. पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं की ती वितळणार, वाफ सुटणार. तिथे कुणी हजर असो, नाहीतर मासे पकडायला गेलेला असो. आपल्या बाथरूममधल्या बऱ्याच गिझरमध्येही अशी वितळणारी गुडदी असते.

(दृश्य : जुना वाडा. जिन्याखाली विजेचा लाकडी बोर्ड, त्यावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज.)

आता आमच्या घरची गोष्ट. हा आमचा वाडा, आणि हे जिन्याखालचे फ्यूज. वायरमन यांना किटकॅट म्हणतात. आत एक बारीक तार असते, कथलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, किंवा कथील आणि शिशाच्या मिश्रणाची. विजेचा प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. त्यामुळे भिंतीतली वायर तापून पेटायच्या आधी ही तार जळते. तिची नेमणूकच त्यासाठी.

पण लोडशेडिंगच्या दिवसांत, ऐन क्रिकेट मॅचला फ्यूज गेला की आमच्या घरात कुणाला तेवढा धीर नसायचा. वायरच्या तुकड्यातले तीन-चार तांब्याचे धागे पिळायचे, फ्यूजमध्ये आवळायचे, लाइट आली! ‘आता जन्मात जायचा नाही’ असं काका अभिमानाने म्हणायचे. खरंच गेला नाही. वीस वर्षं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. फ्यूज वायरिंगला आगीपासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. दिव्यांच्या सर्किटचा फ्यूज साधारण ५ अँपिअरचा असतो. माणसाच्या छातीतून अँपिअरच्या दहाव्या हिश्शाएवढा प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो, फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी अर्थिंग लागतं आणि आरसीसीबी नावाचं वेगळं उपकरण. ते ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडतं. नव्या घरांत फ्यूजच्या जागी एमसीबी असतो. त्यात काही वितळत नाही, खटका पडतो. आणि तो वारंवार पडायला लागला की आजचे काका वायरमनला सांगतात, ‘जरा मोठा टाक.’ वायर मात्र जुनीच.

(दृश्य : मेन स्विच बंद. हातातला फ्यूज, आत पिळलेले धागे. तांबं काळपटलंय.)

मागच्या दिवाळीत मी वायरमनला बोलावून हे धागे काढायला लावले आणि ५ अँपिअरची तार घातली. त्याच संध्याकाळी माडीवरच्या त्या जुन्या सॉकेटला आत्याने इस्त्री लावली होती, हजार वॅटची. शेजारच्या सॉकेटला कुणीतरी दीड हजाराचा हीटर लावला. दोन्ही मिळून ११ अँपिअरच्या आसपास.

(दृश्य : अंधार. जिन्यावर पावलं.)

आत्या माडीवरून ओरडली, “काय रे करून ठेवलंस बोर्डाला? इतकी वर्षं कधी गेली नव्हती लाइट!”