पाहुण्यांचं न्हाणीघर

श्रोतेहो, नमस्कार. घराचं काम काढलं की घरमालकाच्या मोबाइलमध्ये फोटो जमायला लागतात. मी घरांच्या अंतर्गत रचनेचं काम करते, त्यामुळे ते फोटो शेवटी माझ्याकडेच येतात. पाहुण्यांच्या बाथरूमचा फोटो बहुतेकांचा सारखाच असतो. राखाडी भिंती, भिंतीवर अधांतरी लावलेला कमोड, काळे नळ आणि बाकी सगळं मोकळं. दिसायला सुरेख! पण त्या फोटोत बादली नसते, खुंटी नसते आणि ओला टॉवेलही नसतो.

मोजक्या वस्तूंचं बाथरूम मलाही आवडतं. माझी अट एवढीच, की पाहुण्याला आतून हाक मारून काही विचारावं लागू नये. लग्नाला साताऱ्याहून आलेल्या आत्याबाई दार किलकिलं करून “अगं, गरम पाणी कुठल्या बाजूला?” असं विचारत असतील, तर ते बाथरूम साधं नाही, अवघड आहे. एकाच दांड्याचा नळ लावायला हरकत नाही, पण त्यावर लाल-निळी खूण ठळक हवी. गीझरचं बटण दाराबाहेर, चालू असल्याचा दिवा दिसेल असं.

आता खुंट्या. आंघोळीला जाणारा माणूस अंगावरचे कपडे, घालायचे कपडे, टॉवेल, चष्मा, घड्याळ एवढं घेऊन आत शिरतो. त्याला दाराच्या मागे निदान चार खुंट्या लागतात, तुषारांपासून दूर. चष्म्याला फळी लागते. ही फळी फुकटात मिळू शकते: भिंतीतल्या फ्लशटाकीसाठी कमोडमागे अर्धी भिंत उभारावी लागते, तिच्या माथ्यावर ग्रॅनाइटची पट्टी टाकली की झालं. शिवाय अधांतरी कमोडखालून पोछा सरळ फिरतो. कमोड वजनाने उखडेल ही भीती मात्र सोडा. लोखंडी चौकटीवर नीट बसवलेला चांगला कमोड ४०० किलोच्या भाराला तपासलेला असतो.

बादलीचं काय करायचं? तिला हाकलू नका. गच्चीवरची टाकी तुमच्या घरापासून किती उंच आहे, यावर शॉवरचा जोर ठरतो. १० मीटर उंचीला जेमतेम १ बार दाब मिळतो. गच्चीखालच्या मजल्यावर तो त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर येतो, मग ताटाएवढा शॉवर नुसता ठिबकतो. पंप बसवता येतो, पण वर्षातून आठ दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी? त्यापेक्षा बेसिनखाली कपाट न करता ती जागा बादलीला द्यावी. पावसाळ्याच्या दमटपणात एमडीएफचं, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीचं कपाट तसंही फुगतं.

काळे नळ आणि काचेचं पार्टिशन घेण्याआधी सोसायटीत टँकर येतो का, ते पाहा. मुंबईला येणारं भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं पाणी बरंच मृदू, म्हणजे कमी क्षारांचं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड, जास्त क्षारांचं असतं, आणि त्याचे पांढरे डाग काळ्या रंगावर आणि काचेवर आधी दिसतात. तिथे साधा चकचकीत क्रोम बरा.

फरशीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण खरी फसगत इथेच होते. भिंतीला दोन बाय चार फुटांच्या टाइल छान दिसतात, सांधे कमी येतात. त्याच टाइल खाली लावायचा मोह होतो. पण फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे ढाळ लागतो, सात फुटांत इंचभर तरी, आणि मोठी टाइल चारही बाजूंनी वाकत नाही. मग कोपऱ्यात डबकं साचतं. खाली त्याच रंगाच्या, पण लहान आणि खडबडीत टाइल लावा. सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे पाणी न शोषणारा भराव भरा. दिसायला एकसंधच दिसेल.

कमोड या भिंतीवरून त्या भिंतीवर न्यायची कल्पना मात्र लगेच उचलू नका. बऱ्याच जुन्या इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब पाइप आत मावेल इतका खोलगट नसतो आणि आपला मैलापाइप खालच्या घराच्या छतालाच लटकलेला असतो. म्हणजे आपला कमोड हलवायचा तर खालच्या काकांच्या घरी शिडी लावायची! सोसायटीची परवानगी लागते, ती वेगळीच. आणि बाथरूम वाढवताना ते खालच्यांच्या स्वयंपाकघरावर जात असेल, तर तो विचारच सोडा.

वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरा आणि निदान २४ तास, जमलं तर ४८ तास तसंच राहू द्या. कंत्राटदार घाई करेल, “ताई, काही होत नाही” म्हणेल. तुम्ही खालच्या घरी जाऊन छत बघून या, मगच कोबा घालू द्या.

आणि टाइल चढण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढून ठेवा, पाइपाशेजारी मोजपट्टी धरून. पुढे आरसा टांगायला ड्रिल घेऊन कोणी उभं राहिलं, की पाइप कुठून गेलाय ते त्याला त्यात दाखवता येईल. नमस्कार.