मुलाच्या पोटगीचा आकडा वेगळा लिहा

[दृश्य : सिव्हिल लाइन्स, नागपूर. न्यायालयाबाहेर फायली घेऊन थांबलेली माणसं.]

निवेदन :

घटस्फोटाचा दावा दाखल झाला की पोटगी हा शब्द सतत कानावर पडतो. काही जण खावटी म्हणतात. पण पत्नीची पोटगी आणि मुलाची पोटगी हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. अर्जात ‘आम्हा दोघांसाठी दरमहा पंचवीस हजार’ असं एकत्र लिहू नका. पत्नीने पुन्हा लग्न केलं तर तिची पोटगी थांबू शकते, मुलाची नाही. आकडा एकच असला, की त्यातले मुलाचे किती यावरून नवा वाद उभा राहतो.

हिंदू विवाह कायदा, 1955. कलम 24 म्हणजे दावा चालू असेपर्यंतची अंतरिम पोटगी, कलम 25 म्हणजे कायम पोटगी. दोन्ही नवरा-बायकोपुरती. मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यासाठी कलम 26 आहे, आणि त्याखाली निकालानंतरही अर्ज करता येतो.

दुसरा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144चा. 1 जुलै 2024 पूर्वी हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 होतं. इथे धर्म आड येत नाही, आईवडिलांचं लग्न वैध होतं का हेही नाही. नवरा पुण्यात नोकरीला आणि बायको मुलाला घेऊन नागपुरात माहेरी आली असेल, तर अर्ज नागपुरात करता येतो.

[दृश्य : टेबलावर शपथपत्र, शाळेच्या पावत्या.]

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद : उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दोन्ही बाजूंना सक्तीचं केलं. ते प्रकरण मुळात नागपूरच्याच कुटुंब न्यायालयातलं. मुलाच्या खर्चाच्या रकान्यात ‘शिक्षण : दहा हजार’ एवढंच लिहिलं तर उलटतपासणीत ते टिकत नाही. शाळेची फी, व्हॅनचं भाडं, वह्या-पुस्तकं, गणवेश, शिकवणी, औषधं असं सुटं लिहा आणि प्रत्येकाला पावती जोडा. शिकवणीचा खर्च मान्य होतो, अवाजवी असला तर कापला जातो. आईचं उत्पन्न पुरेसं असेल, तर शिक्षणाचा भार दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. तिनेही पगार लपवू नये.

त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितलं. म्हणून ‘आधी समझोता होतो का बघू’ म्हणत अर्ज लांबवला, तर तेवढे महिने हातचे जातात.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात घाईघाईने पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन, लिहिली जाते : ‘मुलासाठी पुढे काहीही मागणार नाही.’ हे वाक्य मुलाला बांधत नाही, कारण हक्क त्याचा आहे, आईने सोडून द्यायचा नाही. तसंच, भेटू देत नाही म्हणून पोटगी बंद, किंवा पोटगी नाही म्हणून भेट बंद, हे दोन्ही चूक. भेटीसाठी वेगळा अर्ज असतो.

पैसे थकले तर वसुलीचा अर्ज. कलम 144खाली तो रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. उशीर झाला की जुने हप्ते त्या मार्गाने सुटतात. थकवणाऱ्याला दर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही. पोटगी रोख घेऊ नका. कोणत्या बँक खात्यात, कोणत्या तारखेपर्यंत, हे आदेशातच लिहून घ्या.