ब्रिस्टलची लोडेका

नमस्कार मंडळी. ब्रिटनची डबलडेकर म्हटलं की आपल्याला लंडनची लाल रूटमास्टरच आठवते आणि ते साहजिकच आहे, पोस्टरवर तीच, कपावर तीच, कीचेनवर पण तीच. आज मात्र मला दुसऱ्याच एका बसबद्दल बोलायचंय. तिचं नाव लोडेका. ब्रिस्टल शहरात बनलेली, लंडनबाहेरच्या गावागावातून धावलेली, आणि माझ्या मते तरी त्या काळातली सगळ्यात डोकं लावून बनवलेली डबलडेकर. आणि ती जिथे बनली त्याच शहरातल्या बस कंपनीत १९६३ साली काय झालं तेही सांगणार आहे, कारण बसचं एवढं कौतुक करायचं आणि त्या बसवर नोकरी कोणाला मिळायची आणि कोणाला नाही हे सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

आधी पुलांचं बघू. ब्रिटनमध्ये रस्त्यांवरचे रेल्वेचे पूल बरेचसे घोडागाडीच्या जमान्यातले, बुटके. साधी डबलडेकर साधारण साडेचौदा फूट उंच, ती खालून जाणार कशी? मग १९२७ पासून लेलँड टायटनसारख्या बसमध्ये एक युक्ती निघाली, वरच्या मजल्यावरचा पॅसेज मधून न काढता उजव्या कडेला घ्यायचा आणि तो खोल करायचा, म्हणजे उंची फूटभर कमी होते. झाली कमी, पण हाल बघा हो, वर चार-चार जणांचं सलग बाकडं, खिडकीजवळच्या माणसाला उतरायचं तर तिघांनी उठायचं, कंडक्टरला तिकीट द्यायचं तर तिघांच्या अंगावरून हात लांब करायचा, आणि तो खोल पॅसेज खालच्या मजल्याच्या छतातून खाली आलेला असायचा त्यामुळे खाली उजवीकडे बसलेला माणूस उठला की डोकं आपटलंच. उठताना डोकं सांभाळा अशी पाटीच लावलेली असायची तिथे! अशा बसमधून लोक कित्येक वर्षं रोज कामाला गेले.

ब्रिस्टलच्या इंजिनियर लोकांनी १९४९ मध्ये ट्रायलसाठी जी गाडी काढली तिच्यात त्यांनी उलटा विचार केला, वरून कापण्याऐवजी खालून कमी करू. इंजिन पुढे आणि चाकं फिरतात मागची, मध्ये इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा लांबलचक दांडा म्हणजे शाफ्ट, आणि तो शाफ्ट फ्लोअरच्या खालून जातो म्हणून फ्लोअर उंच ठेवावा लागतो, खरी अडचण ही होती. यांनी शाफ्ट बाजूला सरकवला आणि मागचा ॲक्सल मधल्या भागात खाली उतरवला, त्यामुळे पॅसेज जमिनीच्या बराच जवळ आला. मागच्या प्लॅटफॉर्मवर चढलात की आत जायला पायरीच नाही. वर पॅसेज परत मधोमध, दोन्हीकडे दोन-दोन सीटा, आणि एवढं करून उंची साडेतेरा फूट. आज आपण लो फ्लोअर बस म्हणून मिरवतो ना, त्या वाटेवरचं हे एक मोठं पाऊल, आणि ते पंचाहत्तर वर्षांपूर्वी टाकलेलं.

१९५३च्या सुमारास प्रॉडक्शन सुरू झालं ते १९६८ पर्यंत चाललं, पाच हजारांहून जास्त गाड्या निघाल्या. गंमत अशी की ही बस कोणालाही विकत घेता येत नव्हती. कारखाना सरकारी मालकीचा झालेला, त्यामुळे फक्त सरकारी मालकीच्या बस कंपन्यांनाच मिळायची, बाकीच्यांसाठी मग डेनिस कंपनीने लायसन्स घेऊन लोलाइन नावाची बहीण काढली. बॉडी बनायची पार दुसऱ्या टोकाला, पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्टला. म्हणजे नुसती चॅसी, इंजिन-चाकांचा सांगाडा, वर छप्पर नाही, समोर काच नाही, ड्रायव्हर जाडजूड कोट घालून वाऱ्यापावसात ती इंग्लंडभर चालवत न्यायचा. मला त्या ड्रायव्हर लोकांबद्दल फार आदर वाटतो.

आता कंपनीकडे येऊ. ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी, हिरव्या-क्रीम रंगाच्या बस, प्रत्येक बसवर ड्रायव्हर आणि कंडक्टर अशी जोडी. एक बेल थांबा, डबल बेल चला, मुंबईत बेस्टच्या बसमध्ये ऐकलेली तीच पद्धत. काम चांगलं होतं पण मूळ पगार कमी, घर चालायचं ओव्हरटाइमवर. आणि कॅरिबियन बेटांवरून, भारत-पाकिस्तानातून आलेल्या लोकांना गॅरेजमध्ये काम मिळायचं, बसवर मात्र नाही. युनियनच्या स्थानिक शाखेने १९५५ मध्येच तसा ठराव केलेला, कंपनीनेही तो चालवून घेतला. तिकडे लंडन ट्रान्सपोर्ट १९५६ पासून बार्बाडोसला जाऊन माणसं भरती करत होती आणि इकडे ही तऱ्हा, आणि कायद्यात याला कुठेच मनाई नव्हती.

१९६३ च्या एप्रिलमध्ये पॉल स्टीफनसन या तरुण कार्यकर्त्याने गाय बेली नावाच्या मुलासाठी कंपनीत इंटरव्ह्यू ठरवला. जागा आहे, या म्हणाले. मुलगा जमैकाचा आहे कळल्यावर इंटरव्ह्यू रद्द. मग ब्रिस्टलमधले कॅरिबियन कार्यकर्ते रॉय हॅकेट आणि त्यांच्या साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला, विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, लेबर पक्षाचे नेते टोनी बेन पाठीशी उभे राहिले, आणि आपल्या क्रिकेटवाल्यांना हे नाव माहीत असेल, वेस्ट इंडिजचे लिअरी कॉन्स्टंटाइन, ते तेव्हा त्रिनिदादचे हाय कमिशनर होते, त्यांनीही जाहीरपणे बाजू घेतली. चार महिने हे चाललं. २८ ऑगस्टला कंपनीने रंगावरून भरती नाकारणार नाही असं जाहीर केलं आणि १७ सप्टेंबरला पहिला गौरेतर कंडक्टर कामावर रुजू झाला, तो शीख होता, रघबीर सिंग. पगडी बांधून ब्रिस्टलच्या रस्त्यावर तिकिटं फाडणारा हा माणूस, याचं नाव आपल्याकडे कोणालाच माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, ब्रिटनचा वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा आला. युनियनने माफी मागितली ती थेट २०१३ मध्ये.

ड्रायव्हर-कंडक्टरच्या या जोडीचे दिवस तसे फार उरलेही नव्हते. १९६६ मध्ये डबलडेकर एकट्या ड्रायव्हरने चालवायला परवानगी मिळाली, मग सरकारने तशाच गाड्यांना अनुदान सुरू केलं, इंजिन मागे गेलं, दरवाजा पुढे ड्रायव्हरजवळ आला आणि कंडक्टर हळूहळू गेले. लोडेका बंद पडली ती खराब होती म्हणून नाही, तिला दोन माणसं लागायची म्हणून.

तरी बऱ्याच लोडेका हौशी लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून जपल्यात, उन्हाळ्यात त्यांच्या रॅली भरतात. ब्रिस्टलला बंदरावर एम शेड म्युझियममध्ये एक ठेवलेली आहे, प्रवेश फुकट आहे, तुमचं कोणी तिकडे राहत असेल तर त्यांना सांगा, बहिष्काराची माहितीही तिथेच वाचायला मिळेल.