घणाचा एक ठोका

(पडदा काळा. एकच घंटा. मग भट्टीचा तांबडा उजेड.)

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. साच्यातून नुकतंच फोडून काढलेलं एस. जी. आयर्नचं, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाचं, कास्टिंग. कामगार छोटा हातोडा घेतो, कडेला एक टोला देतो आणि ऐकतो. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं, की समजायचं, आत कुठंतरी खोट आहे.

लोखंडाचा नाद ओळखणाऱ्या या गावातून एका घंटेची गोष्ट सांगायची आहे. आणि आपला आवाजच गमावलेल्या एका बँडची.

१९ फेब्रुवारी १९८०. एसी-डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट अतिमद्यपानानं लंडनमध्ये गेला. वय ३३. बँड उभा करणारे माल्कम आणि अँगस यंग, दोघे सख्खे भाऊ, सगळं थांबवायच्या विचारात होते. पुढं चालू ठेवा, असं त्यांना बॉनच्याच आईवडिलांनी सांगितलं. पोटचा पोरगा नुकताच गेलेला असताना!

नवा गायक आला ब्रायन जॉन्सन. इंग्लंडच्या न्यूकॅसलकडचा, मोटारींच्या व्हिनाइल छतांचं काम करणारा. बॉननं कधीकाळी याच माणसाच्या गाण्याचं कौतुक केलं होतं. ब्रायननं बॉनची नक्कल केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याचा आवाज वरच्या पट्टीतला, खरखरीत. ग्राइंडरवर लोखंड धरावं तसा.

बहामाज बेटांवर, नासाऊच्या स्टुडिओत, निर्माता मट लँगसोबत काही आठवड्यांत 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. २५ जुलै १९८० ला तो आला. मुखपृष्ठ सुतकासारखं काळं. पुढं एकट्या अमेरिकेत अडीच कोटींवर प्रतींची नोंद झाली.

पण पहिलं गाणं सुरू होतं ते घंटेनं.

अंबाबाईच्या देवळात आपण घंटा वाजवतो ती देवीला वर्दी द्यायला. तिकडं चर्चची घंटा संथ लयीत वाजू लागली, की गावाला कळतं, कुणीतरी गेलं. बँडला तोच नाद हवा होता. इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या स्मारक-मनोऱ्यातली मोठी घंटा टेप करायला ध्वनिमुद्रक टोनी प्लॅट गेला. टोला पडला की मनोऱ्यातले पक्षी फडफडत उडायचे, आणि फडफडाट टेपवर यायचा. सगळं वाया.

मग त्याच गावातल्या, घंटा ओतणाऱ्या जॉन टेलर फौंड्रीत बँडसाठी तयार झालेली घंटा टेप केली. वजन साधारण एक टन. घंटा काशाची, म्हणजे तांबं आणि कथील. बिडाची, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाची, चालत नाही. बिडातले ग्राफाइटचे पापुद्रे कंप गिळून टाकतात, हे उद्यमनगरात कुणीही सांगेल. टेप निम्म्या वेगानं चालवली, तेव्हा सूर एक सप्तक खाली उतरला आणि घंटा होती त्याहून कितीतरी जड वाटू लागली.

घण मारला तो ती घंटा घडवणाऱ्या कारागिरानंच.

(पुन्हा उद्यमनगर. हातोडा वर जातो.)

एक ठोका. मग मोठी शांतता. दुसरा. असेच आणखी काही. नाद विरायच्या आत हळूच गिटार येते.

(घंटा. पडदा काळा.)